जुनी मोटार, नवी वीज

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या दारापाशीच थांबतात. पहिली मोटार कोणी बांधली, अमुक नमुना कोणत्या साली बाजारात आला, एका वर्षात किती गाड्या खपल्या, याची नोंद ते मोठ्या चोखपणे ठेवतात. परंतु पहिल्या मालकाच्या घरून निघालेली गाडी पुढे कोठे जाते, तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या धन्याला ती कोणत्या भावाने, कोणत्या कर्जाने आणि कोणत्या अवस्थेत मिळते, हा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः खेड्यातील गरिबाच्या दृष्टीने हाच मोटारीचा खरा इतिहास होय. कोरी मोटार त्याच्या दारात कधी येतच नाही. येते ती जुनी मोटार.

विजेवर चालणाऱ्या मोटारीविषयी आज जगभर जो उत्साह दिसतो, त्याची कसोटीही याच ठिकाणी लागावयाची आहे. धनिकाने पेट्रोलची गाडी टाकून विजेची घेतली, तर त्याच्या खर्चात आणि प्रतिष्ठेत थोडाफार फरक पडेल, इतकेच. पण रोज पन्नास मैल जाऊन मजुरी करणाऱ्याच्या हाती तीच गाडी पडली, तर त्याच्या मिळकतीचा जो मोठा वाटा पेट्रोलपायी जातो तो वाचेल. म्हणजे ज्याला या यंत्राची गरज सर्वांत अधिक, त्याच्यापर्यंत ते सर्वांत शेवटी पोचते. अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात, वापरलेल्या विजेच्या मोटारी गरीब ग्रामीण चालकांच्या हाती देण्याचे जे प्रयत्न २०१५ पासून झाले, ते या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. मात्र त्यांचे मर्म समजून घ्यावयाचे तर आरंभ शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊन करावा लागतो.

१

विजेची मोटार ही आजची नवलाई नव्हे. १९०० साली अमेरिकेत ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे, आणि ती सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरविण्याचे कष्ट पडत नसत. शहरांतील सुखवस्तू घरांत, विशेषतः स्त्रियांत, ती प्रिय झाली. पेट्रोलची मोटार घरोघरी नेणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा ही स्वतः ‘डिट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेचीच गाडी चालवीत असे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

मग ही गाडी मागे का पडली? तिची कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. टेक्ससमध्ये तेलाचे मोठे साठे सापडले. चार्ल्स केटरिंग याने बनविलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला बसविण्यात आला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. किमतीत तर जमीन-अस्मानाचे अंतर पडले. त्याच १९१२ साली विजेची एक लहान गाडी १,७५० डॉलरांना पडत असे, तर पेट्रोलची ६५० डॉलरांना मिळे. परंतु आणखी एका कारणाकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते असे, की विजेच्या गाडीचा चारा शहराच्या वेशीबाहेर मिळतच नव्हता. पेट्रोल डब्यात भरून बैलगाडीतूनही नेता येते. वीज तशी नेता येत नाही, तिला तार लागते. आणि तारा खेड्यात पोचल्या नव्हत्या. त्यामुळे विजेची मोटार ही केवळ श्रीमंतांचीच नव्हे, तर नगरवासी श्रीमंतांची गाडी होऊन राहिली. खेड्याने तिला नाकारले असे म्हणणे बरोबर नाही. खेड्याला तिची निवड करण्याची संधीच कधी मिळाली नाही.

खेड्याने निवडली ती फोर्डची ‘मॉडेल टी’. १९०८ मध्ये ८५० डॉलरांना निघालेली ही गाडी १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास ३०० डॉलरांच्या आत येऊन ठेपली, आणि १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले तेव्हा अशा दीड कोटी गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. तिचे खरे वैशिष्ट्य केवळ स्वस्ताई हे नव्हते. चिखलाच्या, खाचखळग्यांच्या वाटेवर चालेल अशा बेताने ती उंच बांधलेली होती. बिघडली तर गावचा लोहार किंवा शेतकरी स्वतः, पान्हा आणि हातोडी घेऊन, ती दुरुस्त करू शके. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढविला की तिच्यावर लाकडे कापण्याची करवत चाले, पाण्याचा पंप चाले. अनेक लोहारांच्या भट्ट्यांची पुढे मोटार-दुरुस्तीची दुकाने झाली. यंत्र गावात यावयाचे म्हणजे त्याच्याबरोबर त्याचा कारागीरही गावात निपजावा लागतो, हा पहिला धडा या गाडीने घालून दिला.

२

नवी मोटार विकली जाऊ लागली तसा जुन्या मोटारींचा बाजारही उभा राहिला. नवी गाडी घेताना गिऱ्हाईक आपली जुनी गाडी दुकानदाराच्या गळ्यात बांधी आणि दुकानदाराला ती खपवावी लागे. तिला गिऱ्हाईक कोण, तर अर्थातच कमी मिळकतीचा मनुष्य. हप्त्याने मोटार देण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. ‘जनरल मोटर्स’ने त्यासाठी १९१९ मध्ये स्वतंत्र पतसंस्थाच काढली होती. पुढे जुन्या गाड्यांनाही हप्ते लागले; आणि जितका मनुष्य गरीब तितके त्याचे व्याज चढे, हा सावकारीचा सनातन नियम मोटारीच्या बाजारातही लागू झाला. सधन मनुष्य स्वस्त कर्ज काढून चांगली गाडी घेतो आणि निर्धन मनुष्य महाग कर्ज काढून मोडकळीस आलेली गाडी घेतो, ही स्थिती तेव्हापासून आजतागायत बदललेली नाही.

या बाजाराचे सर्वांत विदारक दर्शन १९३० नंतरच्या दशकात घडले. मंदीने पिकांचे भाव कोसळले, ओक्लाहोमा व आसपासच्या प्रांतांत अवर्षणाने माती उडून गेली, आणि जमिनीवरून उठविली गेलेली कुटुंबे जुन्यापुराण्या गाड्यांत संसार भरून ‘रूट ६६’ या रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक याच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) या कादंबरीत जुन्या मोटारी विकणाऱ्यांच्या क्लृप्त्यांवर एक संपूर्ण प्रकरणच आहे, आणि तिच्यातील कुटुंबाचा प्रवास एका जुन्या हडसन गाडीचे मागील अंग कापून केलेल्या ट्रकमधून होतो. ज्या लोकांजवळ भाकरीची भ्रांत होती त्यांच्याजवळ मोटार होती, याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटे. त्यात आश्चर्य काहीच नव्हते. घर आणि शेत गेल्यावर मोटार हेच त्यांचे घर आणि मोटार हेच कामापर्यंत पोचण्याचे साधन झाले होते. अशा स्थितीत ती चैन राहत नाही. ती मजुराच्या हातातील विळ्यासारखे अवजार होते.

याच दशकात दुसरीही एक गोष्ट घडली, आणि आपल्या विषयाशी तिचा अधिक जवळचा संबंध आहे. १९३५ साली अमेरिकेतील दर दहा शेतकरी घरांपैकी जेमतेम एकात वीज होती. खाजगी वीज-कंपन्यांचे म्हणणे असे, की विरळ वस्तीत तारा नेणे परवडत नाही, आणि शेतकऱ्याला विजेची फारशी गरजही नाही. ११ मे १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र खाते काढले आणि पुढल्या वर्षी नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस व टेक्ससचे सॅम रेबर्न यांनी त्यासाठी कायदा संमत करून घेतला. सरकारने स्वतः तारा टाकल्या नाहीत. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढाव्यात आणि सरकारने त्यांना अल्प व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे, असा मार्ग काढण्यात आला. कंपन्यांनी न परवडणारे ठरविलेले काम या संस्थांनी करून दाखविले, आणि वीस वर्षांत दहांपैकी नऊंहून अधिक शेतांवर दिवे लागले. यातही कुळे आणि वाटेकरी मागेच राहिले, हे खरे. कारण ज्याचे घर स्वतःचे नाही त्याच्या घरात तार कोणी ओढावी, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

या सहकारी प्रयोगाची लाट आपल्या देशापर्यंतही आली होती. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यावर अमेरिकेतील या संस्थांच्या धर्तीवर आणि त्यांच्या साहाय्याने आपल्याकडे ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज-सहकारी संस्था निघाल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही एक होती. कर्नाटकातील हुकेरी, आंध्रातील (आता तेलंगणातील) सिरसिल्ला, गुजरातेतील कोडीनार आणि उत्तर प्रदेशातील लखनौ येथील संस्था या तिच्या भगिनी. मुळा-प्रवरेने २०११ च्या आरंभापर्यंत अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात वीजपुरवठा केला. तेव्हा खेड्यात वीज आणणे हे बाजाराच्या गणितात बसत नसले, तरी समाजाच्या गणितात बसविता येते, ही गोष्ट मराठी वाचकांस अपरिचित नाही.

३

आता आपण सॅन वाकीन खोऱ्यात येऊ. कॅलिफोर्नियाच्या मध्यभागी, सिएरा नेव्हाडा आणि किनाऱ्यावरील डोंगर यांच्यामध्ये हे विस्तीर्ण खोरे पसरले आहे. धुळीच्या वादळातून आलेली ती कुटुंबे येथेच कापूस वेचावयास उतरली होती. त्यांच्यानंतर, १९४२ ते १९६४ या काळात, सरकारी करारान्वये मेक्सिकोतून लाखो मजूर अमेरिकेतील शेतांवर आणले गेले; करार संपला तरी येणारे थांबले नाहीत. द्राक्षे, बदाम, टोमॅटो, कोशिंबिरीचा पाला पिकवून हे खोरे साऱ्या देशाला खाऊ घालते, आणि त्या पिकांवर राबणारा मजूर मात्र त्या देशातील अत्यंत गरीब लोकांत मोडतो.

मजुराची वस्ती एकीकडे, शेत दुसरीकडे, दवाखाना व कचेरी तिसरीकडे, आणि बस जवळजवळ नाही. यातून ‘राइतेरो’ नावाचा एक वर्ग निर्माण झाला. इंग्रजी ‘राइड’ या शब्दाला स्पॅनिश प्रत्यय लावून हा शब्द झाला आहे. ज्याच्याजवळ गाडी आहे असा हा गावातलाच मनुष्य चार पैसे घेऊन शेजाऱ्यांना कामावर किंवा डॉक्टरकडे पोचवितो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, त्याचाच हा सातासमुद्रापलीकडचा भाऊ. कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्थान संदिग्ध, गाडी जुनाट, पण त्याच्यावाचून गावाचे पान हालत नाही.

या प्रवासाची किंमत पैशांतच मोजली गेली असे नाही. १७ सप्टेंबर १९६३ रोजी शेजारच्या सॅलिनास खोऱ्यात चुआलार गावाजवळ, ट्रकवर बाके टाकून केलेल्या मजुरांच्या गाडीला रुळांवर आगगाडीची धडक बसली आणि ३२ मजूर ठार झाले. ९ ऑगस्ट १९९९ रोजी फ्रेस्नो परगण्यात, फाइव्ह पॉइंट्स गावाजवळ, टोमॅटोच्या कामावरील मजुरांची व्हॅन एका मालट्रकवर आदळून १३ जण मृत्यू पावले. व्हॅनमध्ये बसण्यासाठी बाके होती, सुरक्षेचे पट्टे नव्हते. आणि शेतमजुरांच्या वाहनांना पट्ट्यांच्या नियमातून त्या वेळच्या कायद्यानेच सूट दिलेली होती. या अपघातानंतर ती सूट काढून टाकण्यात आली. गरिबाला कोणती गाडी मिळते हा प्रश्न किती जिवावरचा असू शकतो, हे या दोन तारखा पुरेपूर सांगतात.

खोऱ्याची दुसरी पीडा हवेची आहे. डोंगरांच्या कोंडीत धूर साचून राहतो, आणि येथील हवा अमेरिकेतील सर्वांत दूषित हवांपैकी एक गणली जाते. कॅलिफोर्नियात १९८४ पासून गाड्यांची ठराविक मुदतीने धूर-तपासणी होते. हेतू निःसंशय चांगला. परंतु तपासणीत नापास झालेल्या गाडीची नोंदणी नवी होत नाही, दुरुस्तीला शेकडो डॉलर लागतात, ते नसले म्हणजे मनुष्य तशीच गाडी रस्त्यावर काढतो, दंड बसतो, प्रसंगी गाडी जप्त होते आणि गाडीबरोबर रोजगारही जातो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. हवा शुद्ध करण्याचा भार सर्वांत जड पडला तो त्या हवेत श्वास घेणाऱ्या गरिबावरच.

४

मध्यंतरी विजेची मोटार पुन्हा अवतरली होती. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या वायुमंडळाने असा दंडक घातला, की १९९८ पर्यंत मोठ्या कारखानदारांच्या विक्रीत २ टक्के गाड्या अजिबात धूर न सोडणाऱ्या असाव्यात. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ‘ईव्ही-१’ ही गाडी काढली. परंतु ती कोणाला विकली नाही, केवळ भाड्याने दिली. दंडक सैल झाल्यावर कंपनीने त्या गाड्या परत घेतल्या, आणि काही थोड्या संग्रहालयांना व विद्यालयांना देऊन बाकीच्या चिरडून टाकल्या. एकूण गाड्या हजार-अकराशेच्या घरातल्या. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की त्या गाड्यांना जुने होऊच दिले गेले नाही. ज्या गाडीला म्हातारपण नाही ती गरिबाच्या दारी कधी येत नाही.

जुन्या गाडीवरचा हा राग नवा नव्हता. २००९ च्या मंदीत सरकारने जुनी गाडी मोडीत देणाऱ्यास ३,५०० ते ४,५०० डॉलर दिले, पण अट अशी की त्या पैशांनी नवी कोरी गाडीच घ्यावी. दोन महिन्यांच्या आत सुमारे ६ लाख ७७ हजार चालत्या गाड्या, इंजिनात रसायन ओतून, कायमच्या बंद पाडण्यात आल्या. कारखान्यांना आधार मिळाला. परंतु ज्याची ऐपतच जुन्या गाडीची होती त्याला या योजनेत जागा नव्हती, आणि त्याने घ्यावयाच्या गाड्यांचा साठा मात्र आटला.

विजेच्या गाड्यांना उत्तेजन म्हणून केंद्र सरकारने आयकरात ७,५०० डॉलरांपर्यंत सूट दिली, तिचीही तीच गत. सेव्हरिन बोरेन्स्टाइन आणि लुकस डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की विजेच्या मोटारींवरील सवलतीचा सुमारे ९० टक्के भाग सर्वांत वरच्या एक-पंचमांश मिळकतीच्या लोकांनी घेतला. ज्याला आयकरच लागत नाही त्याला आयकरातील सूट काय कामाची?

तथापि येथे एक अनपेक्षित गोष्ट घडून आली. डिसेंबर २०१० मध्ये ‘निसान लीफ’ ही गाडी बाजारात आली. तिची मूळ किंमत ३२,७८० डॉलर होती; पण अनेकांनी ती तीन वर्षांच्या भाडेकराराने घेतली आणि मुदत संपताच परत केली. नव्या गाडीवर सूट मिळते म्हणून जुनीचे मोल उतरले, आणि त्यात बॅटरीविषयी लोकांच्या मनात धाकधूक. परिणाम असा, की २०१६ च्या सुमारास अशा गाड्या १०,००० डॉलरांच्या आत मिळू लागल्या. श्रीमंताला दिलेल्या सवलतीचा काही अंश उसाबरोबर एरंडालाही पाणी मिळावे तसा पुढल्या मालकाकडे झिरपला.

परंतु गाडी स्वस्त का झाली, याचे उत्तर तिच्या पोटात होते. पहिल्या लीफची धाव सरकारी मोजणीप्रमाणे ७३ मैलांची. तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती, आणि ॲरिझोनाच्या कडक उन्हात ती अपेक्षेपेक्षा लवकर क्षीण होते अशा तक्रारी २०१२ मध्येच निघाल्या होत्या. कंपनीने मग हमी दिली, की पाच वर्षांत किंवा ६०,००० मैलांत बॅटरीची दर्शक-चिन्हे बारांपैकी नऊच्या खाली गेली तर ती दुरुस्त करून देऊ. हमी चांगलीच होती, पण पाच वर्षे संपली म्हणजेच गाडी गरिबाच्या हाती येते. आणि सॅन वाकीन खोऱ्यातला उन्हाळा काही सौम्य नव्हे. तेथे पारा वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. शहरातल्या पहिल्या मालकाला पंधरा मैलांची रपेट पुरे असते. गावातल्या तिसऱ्या मालकाला मैल अधिक तोडावयाचे असतात आणि त्याच्या वाट्याला दमलेली बॅटरी येते. पेट्रोलची गाडी जुनी झाली तरी टाकी पूर्वीएवढीच भरते. विजेच्या गाडीची जणू टाकीच दरसाल आखूड होत जाते. जुन्या मोटारीच्या शतकभराच्या इतिहासात हा भेद सर्वस्वी नवा आहे.

५

अशा पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये सॅन वाकीन खोऱ्यात आणि लॉस एंजेलिसच्या परिसरात जी योजना सुरू झाली, तिचे महत्त्व ध्यानी येते. अल्प उत्पन्नाच्या मनुष्याने आपली धूर ओकणारी जुनी गाडी मोडीत द्यावी आणि तिच्या बदल्यात स्वच्छ गाडी घेण्यासाठी, उत्पन्न व वस्ती पाहून, ९,५०० डॉलरांपर्यंत अनुदान घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. २००९ च्या योजनेहून तिचा भेद एका शब्दाचा, पण तोच कळीचा: घ्यावयाची गाडी वापरलेली असली तरी चालत असे. खोऱ्यात आठवड्याच्या सुटीला जत्रेच्या मैदानांवर धूर-तपासणीचे मेळावे भरत. गाडी घेऊन आलेल्या मजुराला दुरुस्तीची चिठ्ठी मिळे, आणि गाडी दुरुस्तीपलीकडची असेल तर त्याला या बदलाच्या योजनेची माहिती स्पॅनिशमध्ये समजावून दिली जाई. ज्यांना कचेरीची पायरी चढण्याचे भय वाटते त्यांच्याकडे कचेरीने स्वतः जावे, हे सूत्र येथे पाळले गेले. २०१७ मध्ये कायद्याने ही योजना अधिक पक्की करून तिला ‘क्लीन कार्स फॉर ऑल’ हे नाव दिले.

दुसरा प्रयोग गावाने स्वतः केला. फ्रेस्नो परगण्यातील ह्यूरॉन हे सुमारे सहा हजार वस्तीचे शेतमजुरांचे गाव. मोठे दवाखाने व कचेऱ्या फ्रेस्नो शहरात, म्हणजे सुमारे ५० मैलांवर; जाऊन येऊन १०० मैल. ७३ मैलांची गाडी या गावाच्या काय उपयोगाची, हे निराळे सांगावयास नको. गावचे नगराध्यक्ष रे लिओन यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘ग्रीन राइतेरोस’ ही सेवा सुरू झाली. राइतेरोची जुनी रीत मोडावयाची नाही, तर तिलाच मान्यता द्यावयाची. मात्र हातातली गाडी विजेची, लांब पल्ल्याची आणि विमा उतरविलेली असावी, अशी ही कल्पना. गावात बॅटऱ्या भरण्याची केंद्रे उभारली गेली. प्रत्येक घरी गाडी पोचत नसेल, तर गावाची मिळून काही गाडी असावी, हा विचार १९३६ च्या वीज-सहकाराच्या जातकुळीतला आहे.

२०२२ च्या कायद्याने केंद्र सरकारनेही प्रथमच वापरलेल्या विजेच्या गाडीला हात दिला. २५,००० डॉलरांपर्यंतच्या, निदान दोन वर्षे जुन्या गाडीवर, किमतीच्या ३० टक्के आणि अधिकात अधिक ४,००० डॉलर इतकी सूट २०२३ पासून मिळू लागली, आणि ती मर्यादित उत्पन्नाच्या लोकांनाच. आरंभी तीही आयकरातली सूट असल्याने कर न भरणारा गरीब कोरडाच राहिला. १ जानेवारी २०२४ पासून ही रक्कम दुकानदारामार्फत गाडीच्या किमतीतूनच वजा करून घेण्याची सोय झाली, तेव्हा कोठे दार उघडले. तरीही गाडी मान्यताप्राप्त दुकानदाराकडूनच घ्यावी लागे. खेड्यातल्या जुन्या गाड्या तर शेजाऱ्याकडून, नातलगाकडून, अंगणात लावलेल्या पाटीवरून विकल्या जातात. त्या व्यवहारांना ही सूट नव्हती. २०२५ च्या नव्या कायद्याने ३० सप्टेंबर २०२५ नंतर ही सवलत बंद झाली. म्हणजे खऱ्या अर्थाने गरिबाच्या उपयोगी पडेल अशा स्वरूपात ती दोन वर्षेही टिकली नाही.

६

या साऱ्या इतिहासातून काय निष्पन्न होते? गाडीची किंमत हा प्रश्नाचा एक पदर झाला. तीन पदर आणखी आहेत आणि ते तिन्ही जुनेच आहेत.

पहिला पदर तारेचा. आज गावात वीज आहे, पण भाड्याच्या खोलीत किंवा चाकांवरच्या घरात राहणाऱ्या मजुराला गाडीसाठी वेगळी जोडणी घेता येत नाही. घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या जोडणीवर तासाला सुमारे चार मैलांची भर पडते. रात्रभर गाडी लावून ठेवली तरी फ्रेस्नोला जाऊन येण्याइतकी वीज साठत नाही. ज्याचे घर स्वतःचे नाही त्याच्या घरात तार कोणी ओढावी, हा १९३६ चा प्रश्न असा नव्या रूपात परत आला आहे.

दुसरा पदर कर्जाचा. अनुदानाने किमतीचा एक भाग सुटतो, उरलेल्या रकमेवर गरिबाला पुन्हा जबर व्याज पडते. यासाठी अल्प व्याजाचे कर्ज अनुदानाला जोडून देण्याचे उपक्रम कॅलिफोर्नियात २०१८ पासून झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु उपक्रम म्हणजे व्यवस्था नव्हे.

तिसरा पदर कारागिराचा. मॉडेल टी लोहाराला कळत होती. विजेच्या गाडीत बिघडणारे भाग कमी असतात हे खरे. पण जे बिघडतात ते उघडण्याचे ज्ञान आणि उपकरणे गावच्या गॅरेजात नाहीत. बॅटरीत किती जीव उरला आहे हे घेणाऱ्याला खात्रीने सांगणारा विश्वासू मनुष्य जवळपास नसेल, तर जुन्या गाडीचा बाजार १९३० च्या दशकाइतकाच फसवा राहील. येथेही दैवाने एकदा अनुकूल दान टाकले आहे. २३८ मैलांची धाव असलेली ‘शेव्हरोले बोल्ट’ ही गाडी आग लागण्याच्या भयाने २०२१ मध्ये सरसकट परत बोलावण्यात आली आणि अनेक गाड्यांना नव्या बॅटऱ्या बसविण्यात आल्या. त्यामुळे काही जुन्या गाड्या नव्या बॅटरीनिशी बाजारात आल्या, आणि गरीब गिऱ्हाइकाला कोणत्याही अनुदानाने मिळाले नसते असे मोल मिळून गेले. पण कारखान्याच्या चुकीवर गरिबाने किती काळ भरवसा ठेवावा?

विजेची मोटार एकदा खेड्याच्या वेशीवरून परत गेली, कारण तार तेथे पोचली नव्हती. शंभर वर्षांनी ती पुन्हा त्याच वेशीपाशी उभी आहे. या खेपेला ती आत येईल की नाही हे कारखान्यांच्या विक्रीच्या आकड्यांवरून ठरणार नाही. ह्यूरॉनसारख्या एखाद्या गावात, तिसऱ्या मालकाच्या अंगणात, पहाटे चार वाजता कामावर निघताना ती गाडी किती मैल जाऊ शकते, आणि ती घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्याच्या मजुरीतून फिटतो की नाही, यावरून ठरेल.